वाढत्या अंगाचं

आई सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची.
फ्रॉक, चपला, सहलीचा स्वेटर,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
अंग चार फूट दहावर थांबलं.
स्वेटर अजून कपाटात आहे,
मला सैलच होतो.

वाशीच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"सीट पूर्ण खाली घेतो मॅडम, होईल ॲडजस्ट."
दांडीच्या दोन बाजूंना पाय टाकून मी उभी,
टाचा हवेत,
दांडी टेकू नये तिथे टेकलेली,
चेहरा मात्र शांत, जणू बँकेच्या रांगेत.
हँडल धरायला ओणवं व्हायचं,
आणि ब्रेकपर्यंत पोचत होती फक्त नखं.
मग त्याने आणली एक गुलाबी, पुढे टोपली.
"लेडीजमध्ये हीच चालते."
टोपलीत मी काय ठेवणार होते, कोथिंबीर?
मला पहाटे पाचला पाम बीचवर
हनुवटी खाली घालून सुटायचं होतं.

तुर्भ्याच्या कारखान्यात मी तपासणीला बसते.
शतांश मिलिमीटर इकडेतिकडे असला
की पीस परत, लाल शिक्का, सही.
नऊ रुपयांच्या वॉशरला जो मान
तो माझ्या गुडघ्यांना का नाही?

रविवारी भिंतीला पाठ लावून उभी राहिले,
मांड्यांमध्ये भाचीचा जाडजूड शब्दकोश,
वर दाबून, कडेला पेन्सिलची खूण.
जमिनीपासून अडुसष्ट सेंटिमीटर.
तीनदा मोजलं, तीनदा तेवढंच.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी पाय मोजून अंथरूण शोधायला निघाले.

पनवेल, ऐरोली, ठाणे.
नौपाड्यात एक होती, फ्रेम छोटी, चाकं मोठीच;
वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासलं
आणि दुकानाच्या पायरीशीच मी आडवी.
मालक पाणी घेऊन आला. म्हणाला,
"मूर्ती लहान पण..."
पाणी प्यायले.
उरलेली म्हण त्याच्याकडेच ठेवली.

लहानपणी दादाच्या सायकलवर
दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारायचे,
एका अंगावर कललेली, खेकड्यासारखी.
अख्खं गोठिवली हसायचं.
सायकल सरळ बसून चालवतात
हे मला बरंच उशिरा कळलं.

मग करावे गावातला जनार्दन तांडेल.
घराच्या ओटीवर दुकान, वर वाळत टाकलेली जाळी.
"कुणासाठी?" असं त्याने विचारलं नाही.
मापांचा कागद वाचला. पुन्हा वाचला.
"थांबा. कुरुपांच्या पोरीची विकायचीय. सीवूड्सला."

चौथ्या मजल्यावर दार उघडलं मीनाक्षीनं.
वय चौदा. मी मान वर केली.
सायकल बाल्कनीत, चव्वेचाळीसची फ्रेम, चाकंही बेताची,
हँडलच्या टेपवर तिच्या घामाचे डाग.
"दोन वर्षांत छोटी झाली, आंटी,"
ती म्हणाली, दूध संपलं म्हणावं तसं.
तिच्या आईने कपाळाला हात लावला.
"वाढत्या अंगाची घ्या म्हटलं होतं हिच्या पप्पांना.
ऐकलं नाही."
मनात म्हटलं, देव त्यांचं भलं करो.

जनार्दनने स्टेम बोटभर आखूड लावला,
ब्रेकच्या खाचेत रबराचा तुकडा सारला,
सीट चार मिलिमीटर वर, दोन खाली, पुन्हा एक वर.
पर्समध्ये वर्नियर होता. नाही काढला.

आज चाणक्यच्या सिग्नलला थांबले.
सीटवरून पुढे सरकून डावा पाय खाली टाकला
आणि रस्ता लगेच आला,
अख्ख्या तळव्याखाली, टाचेसकट.
शेजारी एक उंच गृहस्थ, चकचकीत हेल्मेट.
"मुलीची घेऊन आलात वाटतं?"
"हो," म्हटलं, "मुलीचीच."
सिग्नल सुटला.
टाच उचलली.